पहिल्या क्रमांकाचा परवाना



पावसाळा सरून आभाळ निवळले म्हणजे आपल्या बालाघाट जिल्ह्याच्या दक्षिण भागात अधूनमधून लहानशा विमानांची घरघर ऐकू येते. शेतात काम करणारा माणूस क्षणभर मान वर करतो आणि शाळेच्या अंगणातील मुले तर बोट दाखवून ओरडतातच. ही विमाने प्रवाशांची नव्हेत. आपल्या जिल्ह्याला लागून असलेल्या गोंदिया जिल्ह्यात बिरसी नावाचे गाव आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्रज सरकारने तेथे एक धावपट्टी बांधली. त्याच विमानतळावर आज वैमानिकांचे शिक्षण चालते, आणि व्यावसायिक वैमानिक होऊ पाहणारे तरुण-तरुणी तेथून उडून आपल्या डोक्यावरून जात असतात.

दिनांक १८ मार्च २०२३ रोजी असेच एक विमान आपल्या जिल्ह्यातील लांजी-किरनापूर भागाच्या डोंगराळ अरण्यात कोसळले. शिकविणारे वैमानिक आणि शिकणारी विद्यार्थिनी, दोघांचाही त्यात अंत झाला. अशा घटनेनंतर एखाद्या मुलीने वा मुलाने घरी येऊन वैमानिक होण्याची इच्छा बोलून दाखविली, तर आईच्या काळजात धस्स होणे स्वाभाविक आहे. त्या भीतीला आम्ही हसणार नाही. परंतु नुसत्या भीतीच्या बळावर निर्णय घेऊ नये, तसाच नुसत्या हौसेच्या बळावरही घेऊ नये, असे आम्हांस वाटते. म्हणून या अंकासाठी आम्ही एका अशा पुरुषाचे चरित्र निवडले आहे, की ज्याने आपल्या देशात उड्डाणाचे शिक्षण घेऊन पहिल्या क्रमांकाचा परवाना मिळविला, आणि ज्याच्या घरालाही आकाशाने एक मोठे दुःख दिले. ते म्हणजे जहांगीर रतनजी दादाभाई टाटा. सारे जग त्यांना जे. आर. डी. या तीन अक्षरांनी ओळखते.

जे. आर. डी. यांचा जन्म २९ जुलै १९०४ रोजी पॅरिस येथे झाला. वडील रतनजी दादाभाई हे जमशेटजी टाटा यांचे नातलग व उद्योगातील सहकारी. आई सुझान ही फ्रेंच. त्यामुळे बालपण थोडे फ्रान्समध्ये, थोडे मुंबईत, तर काही काळ जपानात असे विखुरलेले गेले. उन्हाळ्यात हे कुटुंब फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावरील आर्देलो या गावी राहावयास जात असे. त्याच गावी लुई ब्लेरियो यांचे घर होते. हेच ते ब्लेरियो, ज्यांनी १९०९ साली विमानातून इंग्लिश खाडी प्रथम ओलांडली. त्यांची विमाने तेथील पुळणीवर उतरत. आमच्यासारख्या कोकणकिनाऱ्यावर वाढलेल्यांना ठाऊक आहे की, ओहोटीनंतरची ओली वाळू गाडीचे चाक रुतू देत नाही. त्या काळच्या हलक्या विमानांना तीच धावपट्टी पुरेशी होती. ती विमाने पाहता पाहता या मुलाच्या मनाने आकाशाचा ध्यास घेतला. पंधराव्या वर्षी त्याला विमानातून एक फेरी मारावयास मिळाली. आपण वैमानिक व्हायचे, हा निश्चय त्या दिवशी पक्का झाला.

निश्चय झाला, परंतु सिद्धीस जाण्यास दहा वर्षे लागली. ही दहा वर्षे विद्यार्थ्यांनी नीट ध्यानात घ्यावीत. १९२३ मध्ये आई निवर्तली. इंग्लंडमध्ये केंब्रिज येथे अभियांत्रिकी शिकावी, ही जे. आर. डी. यांची मोठी इच्छा होती. मध्यंतरी फ्रान्सच्या नागरिकांना सक्तीची असलेली लष्करी नोकरी त्यांना एक वर्ष करावी लागली. ती संपते न संपते तोच वडिलांनी त्यांना मुंबईस बोलावून घेतले आणि १९२५ च्या अखेरीस ते टाटांच्या कचेरीत बिनपगारी उमेदवार म्हणून रुजू झाले. पुढच्याच वर्षी वडीलही गेले. बावीस वर्षांच्या मुलावर धाकट्या भावंडांची आणि घरच्या कर्जाची जबाबदारी पडली. केंब्रिज कायमचे राहून गेले. पदवी न मिळाल्याची खंत त्यांना जन्मभर वाटत राहिली. त्यांनी ती दुसऱ्या प्रकारे भरून काढली. दिवसभराच्या कामानंतर रात्री ते उद्योग, यंत्रे आणि अर्थव्यवहार यांवरील ग्रंथ घेऊन बसत. महाविद्यालय सुटले, अभ्यास सुटला नाही.

अशा स्थितीत १९२८ साली मुंबईत उड्डाण शिकविणारी एक संस्था निघाली. तिचे नाव बॉम्बे फ्लाइंग क्लब, आणि तिचे मैदान जुहू येथे होते. आज तेथे घरांची एवढी दाटी झाली आहे की, त्या काळचे जुहू डोळ्यांपुढे आणणे कठीण. समुद्राला लागून एक सपाट, चिखलट माळ, आणि त्यावर वाऱ्याची दिशा दाखविणारी कापडी पिशवी. येथे शिकण्यासाठी जी विमाने होती, ती मॉथ जातीची. मॉथ म्हणजे पतंग. लाकडी सांगाडा, त्यावर ताणलेले कापड, एकावर एक असे दोन पंख, आणि एकापुढे एक अशा दोन उघड्या बैठका. पुढे शिक्षक बसे, मागे विद्यार्थी. दोघांपुढे नियंत्रणाचे दांडे सारखेच असत, म्हणजे विद्यार्थ्याचा हात चुकला तर शिक्षकाचा हात सावरून घेई. वाऱ्याच्या घोंगावण्यात बोलणे ऐकू यावे म्हणून दोघांमध्ये एक नळी असे. इंजिन सुरू करावयाचे तर पुढचा पंखा कोणीतरी हाताने जोराने फिरवावा लागे. दिशा दाखविण्यास होकायंत्र, उंची दाखविण्यास एक तबकडी, आणि बाकी सारे डोळे व कान यांवर.

त्या विद्यालयातील पहिल्या विद्यार्थ्यांत जे. आर. डी. होते. जेमतेम साडेतीन-पावणेचार तास शिक्षकासह उडाल्यावर त्यांना एकट्याने विमान नेण्याची अनुज्ञा मिळाली. एकट्याने केलेले पहिले उड्डाण हा प्रत्येक वैमानिकाच्या आयुष्यातील कसोटीचा प्रसंग. पुढची बैठक रिकामी असते, चूक सावरणारा हात तेथे नसतो, आणि वर नेलेले विमान खाली आणण्याची जबाबदारी संपूर्णपणे आपली असते. विमान वर नेणे त्या मानाने सोपे. ते योग्य वेगाने, योग्य कोनात, योग्य जागी भूमीला टेकविणे हेच खरे शिक्षण.

१० फेब्रुवारी १९२९ रोजी त्यांना परवाना मिळाला. निळ्या-सोनेरी रंगाचे ते लहानसे प्रमाणपत्र होते आणि त्यावर क्रमांक होता १. पहिल्या महायुद्धात इंद्रलाल रॉय यांच्यासारख्या भारतीय तरुणांनी ब्रिटिश सैन्यातून विमाने चालविली होती. परंतु भारतात दिला गेलेला वैमानिकाचा परवाना मिळविणारे जे. आर. डी. हे पहिले भारतीय. पुढे त्यांना देशोदेशींचे पुष्कळ मानसन्मान लाभले, पण या लहानशा पुस्तिकेने दिलेला आनंद त्यांना सर्वांहून मोठा वाटे.

परवाना हाती आल्यावर पुढच्याच वर्षी त्यांची परीक्षा झाली. इंग्लंड आणि भारत यांमधील अंतर एकट्याने विमान चालवून कापणाऱ्या पहिल्या भारतीयास ५०० पौंडांचे पारितोषिक आगाखान यांनी जाहीर केले होते. तिघे पुढे सरसावले. मनमोहनसिंग आणि अवघ्या सतरा वर्षांचे अस्पी इंजिनिअर यांनी इंग्लंडहून निघण्याचे ठरविले, जे. आर. डी. मात्र ३ मे १९३० रोजी कराचीहून उलट दिशेने निघाले. विमान तेच, जिप्सी मॉथ. सोबत नकाशे आणि होकायंत्र. बिनतारी यंत्र नाही, वाटेत हवामान सांगणारे कोणी नाही. खाली इराणचा किनारा, अरबस्तानचे वाळवंट, मग मिसर देश.

मिसरमध्ये अबूकीर येथील विमानतळावर उतरल्यावर त्यांना तेथे अस्पी अडकून पडलेले आढळले. त्यांच्या इंजिनातील एक स्पार्क प्लग निकामी झाला होता, आणि जवळ जादा प्लग नव्हता. स्पार्क प्लग म्हणजे इंजिनात ठिणगी पाडून इंधन पेटविणारा बोटाएवढा भाग. परंतु तो नसेल तर सारे विमान म्हणजे लाकूड आणि कापड. जे. आर. डी. यांच्याजवळ जादा प्लग होते. समोर उभा होता तो प्रतिस्पर्धी. त्याला तेथेच राहू दिले असते, तर नियमाने कोणी नाव ठेवले नसते. जे. आर. डी. यांनी आपल्याजवळचा प्लग काढून त्याला दिला. दोघे आपापल्या दिशांनी उडाले, आणि अस्पी काही तासांच्या फरकाने आधी पोहोचले. मनमोहनसिंग मुदतीच्या अटीत बसले नाहीत. पारितोषिक अस्पींना मिळाले. हेच अस्पी इंजिनिअर पुढे १९६० मध्ये स्वतंत्र भारताच्या वायुसेनेचे प्रमुख झाले.

ही गोष्ट उदारपणाचा नमुना म्हणून नेहमी सांगितली जाते, आणि ते योग्यच आहे. परंतु विद्यार्थ्यांनी तिच्यातील दुसरी बाजूही पाहावी. देण्यासाठी प्लग जवळ असावा लागतो. निघण्यापूर्वी काय बिघडू शकेल याचा विचार करून ज्याने पिशवी भरली, त्यालाच दुसऱ्याच्या उपयोगी पडता आले. धाडस सर्वांजवळ होते. उपयोगी पडली ती निघण्यापूर्वीची तयारी.

याच तयारीच्या बळावर १९३२ साली मोठे काम उभे राहिले. ब्रिटिश वायुसेनेतून निवृत्त झालेले नेव्हिल व्हिन्सेंट यांनी टपालवाहतुकीची योजना आणली, आणि टाटांनी दोन लाख रुपयांच्या भांडवलावर ती हाती घेतली. लंडनहून येणारे टपाल कराचीपर्यंत विमानाने येई. ते पुढे मुंबईस व मद्रासेस न्यावयाचे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी पहाटे जे. आर. डी. स्वतः पस मॉथ नावाचे एका इंजिनाचे विमान घेऊन कराचीहून निघाले. वाटेत अहमदाबादेस इंधन भरावयाचे होते. तेथे पेट्रोलचे डबे बैलगाडीतून आणण्यात आले. दुपारी ते जुहूस उतरले आणि पुढचे टपाल व्हिन्सेंट घेऊन गेले. बैलगाडी आणि विमान ही दोन्ही वाहने त्या दिवशी एकाच कामावर होती.

तो काळ सुखाचा नव्हता. पावसाळ्यात जुहूचा माळ पाण्याखाली जाई आणि सारा कारभार पुण्यास हलवावा लागे. वाटेवर मार्गदर्शनाची साधने जवळजवळ नव्हतीच. तरीही पहिल्या वर्षात त्या इवल्याशा संस्थेच्या विमानांनी १,६०,००० मैलांचे उड्डाण केले, १५५ प्रवासी नेले आणि ६०,००० रुपये नफा मिळविला. एवढे टपाल नियमितपणे पोहोचते याचे कारण त्या मूठभर माणसांची नित्याची शिस्त. दर उड्डाणापूर्वी इंजिन तपासावे, तेल पाहावे, पंखांच्या तारा हाताने चाचपाव्या, आभाळ निरखावे, आणि उतरल्यावर प्रत्येक मिनिट नोंदवहीत लिहावे. आज यशस्वी झालो म्हणून उद्याची तपासणी टाळावयाची नाही, हा वैमानिकाचा नेम आहे.

आकाशाने या माणसाकडून किंमत घेतली नाही असे मात्र कोणी समजू नये. त्यांचा धाकटा भाऊ जमशेद तरुण वयातच विमान-अपघातात गेला. १९४२ मध्ये, महायुद्धाच्या ऐन धामधुमीत, व्हिन्सेंट यांचाही विमानप्रवासात अंत झाला. पुढे टाटांच्या संस्थेचे एअर इंडिया असे नामांतर झाले आणि ८ जून १९४८ रोजी मलबार प्रिन्सेस या विमानाने मुंबईहून लंडनकडे जाणारी तिची सेवा सुरू झाली. स्वतंत्र भारताचा ध्वज मिरविणारे तेच विमान ३ नोव्हेंबर १९५० रोजी आल्प्समधील माँ ब्लाँ पर्वतावर आदळले. ४८ माणसे दगावली. १९६६ च्या जानेवारीत त्याच पर्वतावर एअर इंडियाचे दुसरे विमान नष्ट झाले, आणि ११७ मृतांत थोर शास्त्रज्ञ होमी भाभा होते. ते जे. आर. डी. यांचे स्नेही.

घरचे आणि संस्थेचे असे घाव सोसूनही त्यांनी उड्डाणाकडे पाठ फिरविली नाही. प्रत्येक घावानंतर काटेकोरपणा तेवढा वाढविला. १९५३ मध्ये सरकारने विमानसेवा आपल्या ताब्यात घेतली. हा निर्णय त्यांना पटला नव्हता. तरीही सरकारच्या विनंतीवरून त्यांनी अध्यक्षपद पत्करले आणि १९७८ पर्यंत विनावेतन सांभाळले. प्रवासी म्हणून विमानात बसले की ते टिपणवही उघडीत. चहाचा रंग कसा होता, पडदा कोठे मळला होता, खुर्ची नीट मागे जाते की नाही, अशा बारीकसारीक गोष्टी ते लिहून संबंधितांना कळवीत. कित्येकांना हा अध्यक्षाला न शोभणारा किरकोळपणा वाटे. परंतु ज्याला एका बोटाएवढ्या प्लगने सारे विमान अडलेले ठाऊक आहे, त्याला कोणतीच गोष्ट किरकोळ वाटत नाही.

१५ ऑक्टोबर १९८२ रोजी त्या पहिल्या टपाल-उड्डाणास पन्नास वर्षे पूर्ण झाली. त्या दिवशी वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी जे. आर. डी. यांनी जुन्या बनावटीचे छोटे विमान घेऊन कराची ते मुंबई हा मार्ग पुन्हा कापला. नव्या पिढीला त्या आरंभीच्या दिवसांतील उत्साहाची चुणूक दिसावी, हा त्यामागील हेतू. १९९२ मध्ये त्यांना भारतरत्न हा सर्वोच्च सन्मान मिळाला. २९ नोव्हेंबर १९९३ रोजी जिनिव्हा येथे त्यांचे देहावसान झाले. ज्या पॅरिस शहरात ते जन्मले, तेथेच त्यांचे दफन झाले. त्यांनी उभी केलेली एअर इंडिया जानेवारी २०२२ मध्ये पुन्हा टाटांकडे आली.

येथे एक शंका उपस्थित होईल, आणि ती आम्ही टाळू इच्छीत नाही. जे. आर. डी. श्रीमंत घरचे होते. धानाच्या शेतीवर किंवा लहानशा पगारावर चालणाऱ्या आपल्या घरांतील मुलांनी त्यांचे उदाहरण कसे घ्यावे? हे खरे आहे. आजही या शिक्षणास कित्येक लाख रुपये लागतात, आणि तो भार सर्वांना पेलणारा नाही. पैशाची वाट दाखविण्याचे सामर्थ्य या लेखात नाही. कर्ज, शिष्यवृत्ती, सैन्यदलातील मार्ग यांची चौकशी शांतपणे करावी, आणि घरच्यांशी मोकळेपणाने बोलावे, एवढेच आम्ही सांगू शकतो. परंतु पैशाने मैदानापर्यंतच जाता येते. पुढची बैठक रिकामी झाल्यावर बापाचे नाव उपयोगी पडत नाही. होकायंत्राला श्रीमंताचा मुलगा ओळखता येत नाही, तसाच गरिबाचाही नाही.

व्यावसायिक परवान्यासाठी आज आपल्या देशात वयाची अठरा वर्षे पूर्ण असावी लागतात, कठोर वैद्यकीय तपासणीत उतरावे लागते, आणि २०० तासांचे उड्डाण नोंदवहीत जमा व्हावे लागते. त्यात काही शिक्षकासह, काही एकट्याने, काही रात्रीच्या अंधारात, तर काही बाहेरचे दिसत नसताना केवळ यंत्रांकडे पाहून. जोडीला हवामानशास्त्र, मार्गनिर्णय, विमानाची रचना आणि हवाई नियम यांच्या लेखी परीक्षा. आपल्या वर्गातील त्रिकोणमिती तेथे वाऱ्याने विमान किती बाजूला ढकलले हे सांगते. भूगोलातील ढगांचे प्रकार तेथे पुढे जावे की मागे फिरावे हे ठरवितात. ज्याला आज गणिताच्या वहीत उदाहरण पडताळून पाहण्याचा कंटाळा येतो, त्याने आपल्या हौसेचा पुन्हा एकदा विचार करावा.

आणि पालकहो, आपले मूल ही इच्छा बोलून दाखवील, तेव्हा त्याला एकदम नाही म्हणू नका आणि एकदम होही म्हणू नका. थोडे दिवस त्याच्याकडे पाहा. सायकलचा ब्रेक ते निघण्यापूर्वी तपासते का? चुकलेले गणित स्वतः शोधून काढते का? वर्गमित्राची पेन्सिल मोडली तर देण्यासाठी त्याच्याजवळ दुसरी असते का, आणि असली तर ते देते का? या प्रश्नांची उत्तरे समाधानकारक असतील, तर भीती मनात ठेवूनच त्याला पुढे जाऊ द्यावे. धाकटा भाऊ गमावलेल्या घरातील थोरल्या भावाने तेच केले होते.